डब्याच्या किमतीवर जाऊ नका

दादा, तुम्ही विचारलंत की रायफलीची काडतुसं पुन्हा भरायला महागडी लापुआ कंपनीची केस (म्हणजे काडतुसाचं रिकामं पितळी नळकांडं) घ्यावी की नेमबाजीच्या रेंजवर उचललेली, वापरलेली स्वस्त. एक केस किती वेळा भरता येते, त्यावर हिशोब लावा. मी टेक्सासात काडतुसं भरतो, सध्या लातूरला घरी आलोय. इथं परवान्याशिवाय हे अजिबात करू नका.

७० टक्के तांबं नि ३० टक्के जस्ताचं हे पितळ दर फायरला कडक होतं. तांबट ठोकता ठोकता भांडं तापवून मऊ करतो ना, तसंच केसचं तोंड मऊ करावं लागतं. फक्त तोंड, बूड कधीच नाही!

उचललेली घ्यायचीच असेल, तर टोक वाकवलेली बारीक तार आत घालून बुडाजवळून वर ओढा. खाच लागली की ती केस थेट भंगारात टाका. आत दोन बारीक भोकं दिसली तर तो बर्डन प्रकार, म्हणजे पुन्हा भरायला अवघड केस, त्याच्या नादी लागू नका.