बटाटा ताटात हवा, पण भाजीच्या वाटीत नको: तुमचं मत काय?

मालदांडी (धागाकर्ती)

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक तक्ता फिरतोय. मीठ, साखर, मैदा आणि बटाटा हे चार पांढरे शत्रू, आजपासून बंद! पहिल्या तिघांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बटाट्याला त्यांच्या रांगेत बसवणं मला साफ चुकीचं वाटतं.

१०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात साधारण ८७ कॅलरी आणि २० ग्रॅम कर्बोदकं असतात. सोबत सुमारे ३८० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि १३ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळतं. स्निग्धांश जवळजवळ नाहीच. साखरेत यातलं काय आहे? सिडनी विद्यापीठात १९९५ साली सारख्या कॅलरीचे ३८ पदार्थ लोकांना देऊन पोट किती भरतं ते तपासलं होतं. पांढऱ्या ब्रेडला १०० धरलं तर उकडलेल्या बटाट्याला ३२३ गुण मिळाले, सगळ्यांत जास्त.

माझं म्हणणं एवढंच आहे की बटाटा धान्यात मोजा. दोन मध्यम बटाटे खाल्ले तर एक भाकरी कमी खा. एवढं पाळलं तर बटाट्याला भ्यायचं कारण नाही.

कडकभाकरी

ताई, तुमचा बटाटा कागदावरचा आहे. आपल्या शहरात तो वडा-भजीत जातो, नाहीतर पोळीबरोबर सुकी भाजी होऊन येतो आणि वर भात असतोच. भाकरी कमी कोण करतं?

माझ्या वडिलांना मधुमेह आहे. जेवणानंतर दोन तासांनी आम्ही साखर तपासतो. बटाट्याची भाजी, पोळी आणि भात असला की आकडा चढतो. मेथी आणि ज्वारीची भाकरी असली की आटोक्यात राहतो. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत आणि १३ कोटींहून जास्त लोक त्या उंबरठ्यावर आहेत. उकडलेल्या बटाट्याचा ग्लायसेमिक इंडेक्सही, म्हणजे रक्तातली साखर किती झटपट चढते त्याचा आकडा, बहुतेक वेळा ७० च्या वरच निघतो, म्हणजे जास्तच. मंगळवेढ्याची ज्वारी दारात असताना बटाट्याची वकिली कशाला? ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात १० ग्रॅम प्रथिनं आणि तेवढेच तंतू असतात. बटाट्यात दोन-दोन ग्रॅम.

मालदांडी

दादा, पीठ कोरडं असतं आणि बटाट्यात पाऊण भाग पाणी. तुलना सारख्या कॅलरीवर करा. भाकरीच्या ५० ग्रॅम पिठात पाच ग्रॅम प्रथिनं, तर २०० ग्रॅम बटाट्यात पावणेचार. ज्वारी पुढेच आहे, मी नाही म्हणतच नाही. पण फरक पाचपटीचा नाही. शिवाय तुमच्या वडिलांच्या ताटात त्या दिवशी पोळी, भात आणि बटाटा असे तीन पिष्ट पदार्थ एकत्र होते. त्यातल्या एकालाच का धरायचं?

सातरस्ता

लोक बटाट्याला उगंच शिव्या देऊलालेत. अक्कलकोट रोडला यंत्रमागावर पाळी करणाऱ्याच्या घरी फ्रिज असतोच असं नाही. मेथी, चुका दुसऱ्या दिवशी माना टाकतात. बटाटा आठवडाभर टिकतो, स्वस्त पडतो आणि पोरं न कुरकुरता खातात. सोबत शेंगा चटणी आणि वाटीभर आमटी असली की झालं की जेवण! बंद करा म्हणणाऱ्यांनी त्या जागी काय खायचं तेही सांगावं.

हिरवीमंडई

सातरस्ता, ती वाटीभर आमटी असते तोवर मला काही अडचण नाही. पण बटाटा आला की नेमकी आमटीच गळते. मी शाळेत शिकवते. डबे उघडले की निम्म्या मुलांकडे पोळी आणि बटाट्याची काचऱ्यांची भाजी. आईला वाटतं, भाजी दिली. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते आणि त्यात बटाटा, रताळं धरतच नाही. म्हणजे त्या मुलाने त्या जेवणात भाजी खाल्लीच नाही. माझ्या दृष्टीने खरं नुकसान हे आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही.

मालदांडीताईंचा नियम योग्य आहे, पण तो पाळायला मोजमाप लागतं. सकाळी सहाला डबा भरणारी बाई ते कुठे करणार? तिला ‘आठवड्यातून एकदाच बटाटा’ हे जास्त सोपं जातं.

मालदांडी

हे मला पटतं, डब्यापुरतं. पण ‘बंद’ म्हटल्यावर काय होतं तेही पाहा. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०२५ साली अमेरिकेतल्या दोन लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास आला. आठवड्यातून तीनदा फ्रेंच फ्राइज खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचं प्रमाण सुमारे २० टक्के जास्त दिसलं. उकडलेल्या, भाजलेल्या, कुस्करलेल्या बटाट्याचा तसा ठळक संबंध दिसला नाही. आणि बटाट्याऐवजी पांढरा भात घेतला तर धोका वाढतो, असं त्यांचा हिशेब सांगतो. आपल्याकडे बटाटा सोडणारा माणूस भातच वाढवून घेतो.

कडकभाकरी

त्याच अभ्यासात बटाट्याच्या जागी अख्खं धान्य घेतलं तर धोका कमी होतो, असंही आहे. म्हणजे आमची भाकरी! अर्धंच का सांगता?

शेंगाआमटी

उपवासाचं कुणीच बोललं नाही. पंढरपूर आपल्या जिल्ह्यात, एकादशी घरोघरी. त्या दिवशी साबुदाणा खिचडी, त्यात बटाटा, वर बटाट्याचा कीस आणि तळलेल्या पापड्या. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. एका दिवसात इतकं पिष्ट आणि तेल आपण एरवी खातो का? आमच्या घरी आता वरीचे तांदूळ थोडे, शेंगदाण्याची आमटी भरपूर आणि उकडलेल्या बटाट्याचं दह्यातलं भरीत असतं. बटाटा शिजवून गार केला की त्यातलं थोडं पिष्ट सहज पचेनासं होतं आणि साखर जरा सावकाश चढते.

अजून एक. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे आणि डॉक्टरांनी पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलंय, त्यांनी वरचं कौतुक वाचून बटाटा वाढवू नये. तुकडे करून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकलं तर पोटॅशियम बरंच कमी होतं. तरीही आधी डॉक्टरांना विचारा.

कडकभाकरी

भरताचं पटलं, पण वडिलांच्या ताटात मी बटाटा परत आणणार नाही. सत्तरीच्या माणसाला ‘हा चालतो, तो चालत नाही’ सांगत बसलं की तो वड्यापर्यंत पोचतोच. मालदांडीताई, तुमच्याकडे साखर तपासायचं यंत्र असेल तर येत्या एकादशीला भरीत खाऊन दोन तासांनी आकडा इथे टाका. त्याच्या आदल्या दिवशीचा, भाकरीच्या जेवणानंतरचाही टाका.