मदत हवी आहे: वजनकाटा घरातून काढू की राहू देऊ?

मी जळगावची, वय २६. अ‍ॅनोरेक्सियावर (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा आजार) गेले ७ महिने उपचार चालू आहेत. समुपदेशक ताई आठवड्यातून एकदाच वजन घेतात, तेही मला काट्याकडे पाठ करून उभं करून. आकडा त्यांनाच कळतो.

पण घरी बाथरूमबाहेर काटा आहे, आणि सकाळी उठल्यावर पाय तिकडेच वळतात. खारट खाल्लं, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही, तरी एका दिवसात किलोभर फरक पडतो. ते पाणी असतं, चरबी नाही, हे मला पाठ आहे. तरी आकडा वाढलेला दिसला की दुपारची भाकरी घशाखाली उतरत नाही.

आता आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) अमळनेरला माहेरी जायचंय. खापरावरची पुरणपोळी, आमरस, सगळं मला मनापासून खायचंय. भीती आहे ती बोलण्याची. मागच्या वर्षी मावशी म्हणाली, "कितली वाळी गयी व माय!" यंदा "चांगली भरली" म्हणेल. प्रेमानेच म्हणेल, पण माझ्यासाठी दोन्ही वाक्यं सारखीच जड आहेत.

यातून गेलेल्यांना विचारते: रोज वजन करायची सवय कशी सोडली? काटा लपवला, की देऊनच टाकला? सासूबाईंना तो शुगरमुळे लागतो, त्यांना काय सांगू? आणि आईने पाहुण्यांना आधीच फोन करून ठेवावा का?

कृपया कुणी स्वतःच्या वजनाचे आकडे लिहू नका.