नोंदीत फक्त ‘थ्रोट कॅन्सर’ लिहिलंय, कोड कोणता लावायचा?

शिकाऊ_कोडर
ईएनटी ओपीडीचे अमेरिकी चार्ट आहेत, कोडिंग आयसीडी-१०-सीएममध्ये (अमेरिकेतली निदानांच्या कोडची यादी). असेसमेंटमध्ये डॉक्टर एवढंच लिहितात: ‘थ्रोट कॅन्सर, रेडिएशन चालू’. तक्त्यात घसा शोधला की सी१४.० मिळतो, पण तो लावला की ऑडिटमधून परत येतो. त्याच चार्टमध्ये लॅरिंगोस्कोपीत (दुर्बिणीने स्वरयंत्राची तपासणी) ‘उजव्या व्होकल कॉर्डवर (स्वरतंतूवर) वाढ’ आहे आणि तिथल्याच बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. थेट सी३२.० (व्होकल कॉर्डचा, म्हणजे ग्लॉटिसचा कोड) घ्यावा का? आणि रेडिएशन चालू आहे म्हणून झेड५१.० (रेडिएशनसाठीच्या भेटीचा कोड) आधी येईल का?

चार्टवाचक
सी१४.० म्हणजे घशाची पोकळी, जागा अनिर्दिष्ट. तुमच्या रुग्णाची गाठ स्वरयंत्रावर आहे, म्हणजे कोड नुसता मोघम नाही, अवयवच चुकलाय. बोलताना ‘घसा’ म्हटलं की टॉन्सिलपासून स्वरयंत्रापर्यंत सगळं त्यात येतं. कोडिंगमध्ये त्याच पट्ट्यात जिभेचा मागचा भाग सी०१, टॉन्सिल सी०९, ऑरोफॅरिंक्स (तोंडामागचा घसा) सी१०, नेझोफॅरिंक्स (नाकामागचा) सी११, पायरिफॉर्म सायनस (स्वरयंत्राच्या बाजूची खाच) सी१२, हायपोफॅरिंक्स (घशाचा खालचा भाग) सी१३ आणि स्वरयंत्र सी३२ असे वेगवेगळे गट आहेत. सी०१ आणि सी१२ तीनच अक्षरांत पूर्ण होतात. सवयीने पुढे ‘.९’ जोडला की क्लेम अवैध कोड म्हणून परत.

लॅरिंगोस्कोपी त्याच भेटीत, त्याच डॉक्टरांनी केलेली असेल आणि निदान पक्कं असेल तर सी३२.० घ्या. सहा महिन्यांपूर्वीच्या नोंदीतून जागा उचलून आजच्या भेटीला चिकटवू नका. दर भेटीची नोंद स्वतःच्या पायावर उभी राहायला हवी.

झेड५१.० फक्त रेडिएशन देण्यासाठीच झालेल्या भेटीला पहिला येतो, मागे सी३२.०. ईएनटी डॉक्टर आवाज किंवा गिळणं तपासायला बोलावतात ती भेट वेगळी, तिथे सी३२.०च पहिला.

स्वरयंत्र_डेस्क
वरच्याशी सहमत. दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो, तेवढं जोडतो.

एक, एपिग्लॉटिस (गिळताना स्वरयंत्र झाकणारी झडप). जिभेकडची पुढची बाजू आणि मोकळी कड सी१०.१मध्ये जाते, म्हणजे ऑरोफॅरिंक्स. स्वरयंत्राकडची मागची बाजू सी३२.१. नुसतं ‘एपिग्लॉटिस’ लिहिलं असेल तरी सी३२.१. आर्यएपिग्लॉटिक फोल्डचं (एपिग्लॉटिसपासून मागे जाणारी घडी) उलटं आहे: बाजू लिहिली नसेल तर सी१३.१, स्वरयंत्राकडची बाजू स्पष्ट लिहिली असेल तरच सी३२.१. डॉक्टरांचा एक शब्द राहिला की रुग्ण दुसऱ्याच अवयवाच्या आकडेवारीत जाऊन बसतो.

दोन, ‘.८’. गाठ व्होकल कॉर्डवर सुरू होऊन वर सुप्राग्लॉटिसपर्यंत (स्वरयंत्राचा कॉर्डच्या वरचा भाग) पसरली असेल तर कोड सी३२.०च. सी३२.८ लागतो तो लगतच्या दोन भागांवर पसरलेली गाठ नेमकी कुठून सुरू झाली हे ठरवता येत नसेल तेव्हा. पसरण्याची गोष्ट स्टेजिंगमध्ये येते (टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लसिकाग्रंथी, एम म्हणजे दूरवरचा प्रसार). टी१ए म्हणजे एकच कॉर्ड, टी१बी म्हणजे दोन्ही, कॉर्ड जागेवर जखडली की किमान टी३. सी३२ला उजवं-डावं नाही, म्हणून बाजू मजकुरात असलीच पाहिजे.

असं एक वाक्य असेल तर कोडरला काही विचारावं लागत नाही: ‘उजव्या खऱ्या व्होकल कॉर्डचा इन्व्हेसिव्ह स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, बायोप्सीने सिद्ध, हालचाल शाबूत, टी१ए एन० एम०, रेडिएशन चालू, तंबाखू सोडलेली.’ शेवटचा शब्दही फुकटचा नाही. सी३२खाली तंबाखू आणि दारूचा जादा कोड द्यायची सूचना आहे, इथे झेड८७.८९१.

शिकाऊ_कोडर
मोठी मदत झाली. दुसऱ्या एका चार्टमध्ये मानेच्या लसिकाग्रंथीत कार्सिनोमा आहे, पी१६ (एचपीव्ही विषाणूशी निगडित कॅन्सरची खूण) पॉझिटिव्ह, प्राथमिक जागा सापडलेली नाही. सी१०.९ (ऑरोफॅरिंक्स, जागा अनिर्दिष्ट) द्यावा का?

चार्टवाचक
नाही. मानेच्या लसिकाग्रंथीला सी७७.०, प्राथमिक जागा अज्ञात म्हणून सी८०.१. एजेसीसीच्या (कॅन्सर स्टेजिंगचे नियम ठरवणारी अमेरिकी समिती) आठव्या आवृत्तीत असा रुग्ण एचपीव्हीशी निगडित ऑरोफॅरिंक्सच्या तक्त्यात स्टेज होतो, गोंधळ तिथूनच सुरू होतो. स्टेजिंगचा तक्ता म्हणजे निदान नव्हे. डॉक्टरांनी ‘प्राथमिक जागा ऑरोफॅरिंक्स’ असं लिहिलं तरच सी१०.९. पी१६ पॉझिटिव्ह दिसला म्हणून बी९७.७ही स्वतःहून लावू नका, एचपीव्ही हे कारण डॉक्टरांच्या शब्दांत हवं.

क्वेरीवाली
क्वेरीबद्दल, म्हणजे कोडरने डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नाबद्दल, कुणी बोललं नाही. ‘हा ग्लॉटिक कॅन्सर आहे ना?’ असं विचारू नका, ते उत्तर तोंडात घालणं झालं. चार्टमधला पुरावा मांडा (कोणत्या तारखेची स्कोपी, पॅथॉलॉजीत नमुना कुठला म्हणून लिहिलाय), मग ‘प्राथमिक जागा कृपया नमूद करा’ आणि पर्याय: ग्लॉटिस, सुप्राग्लॉटिस, हायपोफॅरिंक्स, इतर, सांगता येत नाही.

ओपीडीत ‘सस्पेक्टेड’, ‘प्रोबेबल’, ‘रूल आउट’ यावर कॅन्सरचा कोड द्यायचा नाही, लक्षणाचा द्यायचा. आवाज बसला असेल तर आर४९.०. भरती रुग्णाच्या डिस्चार्जच्या वेळी नियम वेगळा आहे, तिथे असं निदान असल्यासारखं कोड होतं. मात्र भरती रुग्णात नुसत्या पॅथॉलॉजी रिपोर्टवरून कोड घेता येत नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ते निदान लिहायला हवं. डी३८.०चाही (स्वरयंत्राची ‘अनसर्टन बिहेविअर’ गाठ) असाच गैरवापर दिसतो. ‘अनसर्टन बिहेविअर’ हे पॅथॉलॉजिस्टचं निदान आहे, रिपोर्ट यायचाय म्हणून वापरायची जागा नाही.

स्वरयंत्र_डेस्क
‘हिस्टरी ऑफ’वरही नजर ठेवा. केमो किंवा रेडिएशन चालू असताना डॉक्टर ‘हिस्टरी ऑफ लॅरिंजियल कॅन्सर’ लिहितात आणि कोडर झेड८५.२१ (पूर्वी स्वरयंत्राचा कॅन्सर होता) लावून मोकळा होतो. उपचार चालू आहे तोवर सी३२च. गाठ काढली, उपचार संपले, आजाराचा पुरावा नाही आणि फक्त तपासणीसाठी भेट असेल तेव्हा झेड०८ पहिला, मागे झेड८५.२१. पूर्ण स्वरयंत्र काढलेलं असेल तर झेड९०.०२ आठवणीने जोडा, तो सर्रास राहतो.