प्रेमकथेत पहिला नवरा किती पानं राहू द्यावा?

चोडणची सून

मंडळी, एक कादंबरी लिहितेय. आजच्या काळातली प्रेमकथा. दोनशे दहा पानं झाली आणि आता रुतलेय.

नायिका अडतीस वर्षांची, चोडण बेटावर सासरी राहते, नोकरी पणजीत पाटोला. नवरा जाऊन तीन वर्षं झालीत. घरात सासू आणि नववीतली मुलगी. रायबंदरच्या फेरीबोटीत रोज एक माणूस भेटतो, मूळचा सांगलीचा, बदलीवर आलेला.

मैत्रिणीला वाचायला दिली. तिचा शेरा: "एकशे चाळीसावं पान आलं तरी मेलेला नवरा घरभर फिरतोय. त्याला जाऊ दे गं, नाहीतर नवा बसणार कुठे?"

मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही. मीही त्याच वाटेवरची. माझा नवरा 2019 मध्ये गेला. त्यानंतर दोन वर्षं आमच्या घरी बांगड्याच्या हुमणात, म्हणजे आमच्या माशांच्या कालवणात, तिरफळ पडलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं. त्याला आवडायचं, म्हणून बरणीला कुणी हात लावत नव्हतं, एवढंच. एका रविवारी सासूनं काही न बोलता सात-आठ तिरफळं ठेचून टाकली. मुलगी म्हणाली, "बाबांचं हुमण." त्या दिवशी मी दुसऱ्यांदा भात घेतला. हा प्रसंग कादंबरीत जसाच्या तसा आहे. मैत्रीण म्हणते काढ, प्रेमकथेत सासू कशाला! (तिची सासू वेगळी आहे, ते सोडा.)

दुसरा घोळ स्कूटरचा. नवऱ्याची स्कूटर अंगणात झाकून ठेवलेली आहे. शेवटी ती विकते, म्हणजे सावरली, असं दाखवायचं होतं. आता तेच नाटकी वाटतंय. काय करू?

म्हापसेकर

भावनांचं मला कळत नाही, कागदांचं कळतं. गाडीचा मालक वारला तर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करायची. तुमच्या नायिकेनं तीन वर्षं काही केलेलं नाही, मग विकणार कशी? आधी तिच्या नावावर व्हायला हवी. तोच प्रसंग लिहा ना. एका अर्जावर त्याचंही नाव आणि तिचंही.

आणखी एक. कथा कुठल्या साली घडते? 2025 च्या जुलैत त्या मार्गावर रो-रो बोट आली, गाड्या नेणारी, पण जुनीपेक्षा वेगवान. जुन्या फेरीत गप्पांना वेळ मिळायचा. आता हेल्मेट काढून केस सारखे करेपर्यंत पलीकडचा धक्का येतो. प्रेम जमवायचं तर साल मागे घ्या.

फोंड्याची वकीलबाई

दीर घर बळकावतो वगैरे प्रकरण घातलं असेल तर सांभाळून. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोच्या मालमत्तेत अर्धा वाटा बायकोचा. तो नवरा गेल्यावर मिळत नाही, आधीपासून तिचाच असतो. उरलेल्या अर्ध्यात मुलगी वारस. पुण्या-मुंबईच्या कथेतली बिचारी विधवा इथे उचलून आणू नका.

आणि लग्न लावणार असाल तर थेट देवळात नेऊ नका. आपल्याकडे सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन सह्या लागतात. पहिली सही झाली की नोटीस लागते, हरकत आली नाही तर दुसरी. विधवेला पहिल्या सहीच्या वेळी आधीच्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. म्हणजे नव्या लग्नाच्या फाइलमध्ये तो असतोच. मैत्रिणीला हे सांगा.

दुसरा

मी तो 'नवा'. माझ्या बायकोचा पहिला नवरा अपघातात गेला. त्याच्या म्हाळाला केळीची पानं आता मीच आणतो. पहिल्या वर्षी कुठे बसावं ते कळेना, म्हणून उगाच विहिरीपाशी उभा राहिलो. त्याची आई बाहेर आली आणि म्हणाली, "कावळ्याची वाट बघायला माणसं आहेत, तू आत ये."

तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच. कथांमधला दुसरा पुरुष फार समजूतदार असतो. मी नव्हतो. मला त्याच्या फोटोचा राग यायचा. त्याचे केस माझ्यापेक्षा दाट होते. सहा महिने मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवलो. तुमच्या सांगलीकराला एकदा तरी चिडू द्या.

चोडणची सून

दुसरे, विहिरीपाशी उभं राहणं मी चोरणार आहे, आधीच सांगते. सासू राहतेय. सांगलीकर चिडणार आहे, तेही हुमणावरून. तिरफळ चावायचं नसतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. जीभ बधिर झाल्यावर तो म्हणतो, "तुमच्या ह्यांना हे आवडायचं?" आणि नायिका तीन वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याच्या नावावरून हसते.

स्कूटर विकत नाही. फॉर्म 31 भरते आणि मुलीला घेऊन फेरीत चढवते. साल 2023 केलं.

वकीलबाई, दाखल्याची झेरॉक्स कोण काढतं, ती की तो? तेवढं सांगा.

फोंड्याची वकीलबाई

ज्याला रांगेत उभं राहायचा कंटाळा नाही तो. मूळ प्रत मात्र सोबत न्यायला सांगा.