आतड्यातल्या जिवाणूंमुळे मधुमेह होतो, की मधुमेहामुळे जिवाणू बदलतात?

निवांत:
टाइप २ मधुमेहाचा विषय निघाला की वजन, आनुवंशिकता आणि बैठं काम, एवढ्यावरच चर्चा संपते. २०१२ मध्ये चीनमधल्या ३४५ जणांच्या विष्ठेतला डीएनए तपासला गेला, तेव्हा मधुमेहींमध्ये ब्युटिरेट (एक छोटं मेदाम्ल) तयार करणारे जिवाणू कमी आढळले. अन्नातल्या, आपल्याला न पचणाऱ्या तंतूंपासून ते ब्युटिरेट बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी प्रामुख्याने त्यावरच जगतात. अस्तर कमकुवत झालं की जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात, हलका दाह चालू राहतो आणि शरीर इन्सुलिनला जुमानेनासं होतं, असा हा तर्क. मला तो पटतो. मधुमेहाचा धोका या जिवाणूंवरूनच ओळखायला हवा.

शंकासुर:
जरा दमानं. त्या रुग्णांपैकी मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची नेहमीची गोळी, कोण घेत होतं? २०१५ मध्ये डेन्मार्क, स्वीडन आणि चीनचे मिळून ७८४ नमुने तपासल्यावर कळलं, की मधुमेहाच्या म्हणून मिरवलेल्या बऱ्याच खुणा या गोळीच्या होत्या. एशेरिशिया हे जिवाणू वाढणं, हे त्यातलंच.

निवांत:
पेपर पुढेही वाचा की राव. गोळी न घेणाऱ्या मधुमेहींतही ब्युटिरेटवाले कमीच होते, हे त्यातच लिहिलंय. शिवाय २०२० च्या स्वीडिश अभ्यासात मधुमेहपूर्व अवस्थेतल्या, औषध सुरू न झालेल्या लोकांतही तेच दिसलं.

शंकासुर:
तो एकाच वेळी घेतलेल्या नमुन्यांचा अभ्यास. आधी काय बिघडलं, ते त्यावरून कसं ठरवणार?

अनघा_म:
मग प्रयोगाकडे बघा. नेदरलँड्समध्ये चयापचय बिघडलेल्या स्थूल पुरुषांच्या आतड्यात सडपातळ दात्यांची विष्ठा सोडली. ६ आठवड्यांनी इन्सुलिन-संवेदनशीलता सुधारली (२०१२).

शंकासुर:
त्याच गटाचा २०१७ चा पेपर सोयीस्कर विसरलात! १८ आठवड्यांनी तो फायदा उरला नव्हता. एवढ्याशा पुराव्यावर विष्ठा-तपासणीची किट्स विकतात आणि लोक पैसे मोजतात. त्यापेक्षा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करा, कंबर मोजा.

निवांत:
किटवाल्यांची वकिली मी केलेली नाही. पण एचबीएवनसी वाढतं तेव्हा साखर आधीच चढलेली असते. मी त्याच्या आधीचं बोलतोय.

अनघा_म:
दोघांनाही एक विचारते. २०१९ च्या जनुकीय विश्लेषणात ब्युटिरेटचा संबंध चांगल्या इन्सुलिन-प्रतिसादाशी निघाला, पण प्रोपिओनेट या तशाच दुसऱ्या मेदाम्लाचा मधुमेहाच्या वाढत्या धोक्याशी. जिवाणू हे दोन्ही तंतूंपासूनच बनवतात. मग तपासणीत नेमकं मोजायचं काय?