शाळेच्या लॅबमधील १८ संगणकांसाठी मिरर कोणता ठेवावा आणि पॅकेज कोणत्या पद्धतीने इन्स्टॉल करावे?

प्रश्न

आमच्या शाळेच्या लॅबमध्ये १८ संगणक असून सर्वांवर डेबियन १२ (‘बुकवर्म’) ही लिनक्स प्रणाली आहे. इंटरनेटची जोडणी एकच असल्यामुळे सगळी मशीन एकदम अपडेटला लावली की कार्यालयाची ऑनलाइन कामे अडतात. ज्यांनी ही लॅब उभी करून दिली, त्यांनी पिंग घेऊन (उत्तर यायला लागणारा वेळ मोजून) सर्वांत जवळचा निघालेला देशातलाच एक मिरर, म्हणजे डेबियनच्या साठ्याची प्रत ठेवणारा सर्व्हर, सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेज कुठून घ्यायचे त्या पत्त्यांच्या यादीत) घातला होता. त्याचा वेग आजही उत्तम आहे. मात्र अधूनमधून ‘हॅश सम मिसमॅच’ (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण, म्हणजे हॅश, जुळत नसल्याची एरर) येत असे, आणि गेल्या ३ दिवसांपासून ‘बुकवर्म-अपडेट्स’च्या ओळीवर रिलीज फाइलची मुदत संपल्याची एरर येऊन काम थांबते. मुदतीची तपासणीच बंद करावी, असा उपाय एके ठिकाणी वाचला. तो करावा का?

आणखी एक अडचण आहे. चित्रकलेचे सर इंकस्केप या चित्रे काढण्याच्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत केलेल्या फाइली आणतात आणि लॅबमध्ये १.२ आहे. त्यासाठी डेबियनच्या साठ्याबाहेरून प्रोग्राम घेण्याच्या फ्लॅटपॅक, स्नॅप आणि ॲपइमेज या पद्धतींपैकी काय वापरावे?

उत्तर १

मॅडम, मुदतीची तपासणी कृपया बंद करू नका. रिलीज फाइलवर डेबियनची जीपीजी (डिजिटल) सही असते, त्या फाइलमध्ये पॅकेजांच्या यादीचा हॅश असतो आणि यादीत प्रत्येक डेब फाइलचा (पॅकेजचा) एसएचए-२५६ हॅश असतो. त्यामुळे मिरर कोणीही चालवत असले तरी त्याला मधल्यामध्ये फाइल बदलता येत नाही. पण जुनी यादी पुढे करत राहणे त्याला सहज शक्य असते. सही खरीच असल्याने ती तपासणीत उत्तीर्ण होते, आणि सुरक्षेची दुरुस्ती येऊन गेली तरी आपल्या मशीनला नवे काही आलेच नाही असे वाटते. मुदत ठेवली आहे ती नेमकी हे उघडकीस यावे म्हणून.

पिंगवरून मिरर किती जवळ आहे एवढेच कळते, तो किती ताजा आहे हे कळत नाही. ब्राउझरमध्ये त्या मिररचा पत्ता उघडून ‘प्रोजेक्ट’ आणि त्याच्या आत ‘ट्रेस’ या फोल्डरमध्ये जा. तिथल्या फाइलींमध्ये शेवटच्या सिंकची (मुख्य साठ्याशी जुळवून घेतल्याची) वेळ लिहिलेली असते. मुख्य साठा दिवसातून ४ वेळा अद्ययावत होतो, म्हणून तिथे कालची किंवा आजची तारीख दिसायला हवी. हॅश सम मिसमॅचही बहुधा सिंक अर्धवट झालेले असताना येतो.

माझ्या मते डेब डॉट डेबियन डॉट ऑर्ग हाच पत्ता ठेवावा. त्यामागे सीडीएन (ठिकठिकाणी प्रती ठेवणारे सर्व्हरचे जाळे) असल्यामुळे जवळचा सर्व्हर आपोआप मिळतो. सुरक्षा अपडेट्सची ओळ मात्र कोणत्याही मिररकडे वळवू नये, ती सिक्युरिटी डॉट डेबियन डॉट ऑर्गवरच असू द्यावी.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे, पण १८ मशीनचा खरा प्रश्न मिरर बदलून सुटणार नाही, कारण तेच पॅकेज १८ वेळा बाहेरून येत राहील. लॅबमधल्या एका मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी हा आलेली पॅकेजे साठवणारा कॅश इन्स्टॉल करा आणि इतरांच्या ॲप्ट (डेबियनचा पॅकेज इन्स्टॉल करणारा प्रोग्राम) सेटिंगमध्ये त्या मशीनचा आयपी व ३१४२ हा पोर्ट प्रॉक्सी (मध्यस्थ) म्हणून द्या. पहिल्या मशीनने मागवलेली फाइल तिथे साठते आणि उरलेल्या १७ मशीनना ती लॅबच्या आतल्या आत मिळते.

सोर्सेसमध्ये एचटीटीपीएस (कूटबद्ध जोडणी) असेल तर कॅशला आतले काही दिसत नाही, म्हणून इथे साधे एचटीटीपी ठेवावे लागते. वर सांगितलेल्या सहीमुळे ते चालते. जानेवारी २०१९ मध्ये मात्र ॲप्टच्याच रीडायरेक्ट हाताळणीत असा दोष सापडला होता की वाटेत बसलेल्याला पॅकेज बदलता येत असे. तो तेव्हाच दुरुस्त झाला. तरीही ॲप्ट स्वतः अद्ययावत असणे किती महत्त्वाचे आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

उत्तर ३

इंकस्केपबद्दल लिहितो. स्नॅप पॅकेजे एकाच मध्यवर्ती स्टोअरमधून येतात आणि मूळ सेटिंगमध्ये दिवसातून ४ वेळा स्वतःहून अपडेट तपासतात, त्यामुळे तुमच्या जोडणीवर मी ते टाळले असते. फ्लॅटपॅक चांगले आहे, पण पहिल्या प्रोग्रामबरोबर शेकडो एमबींचा रनटाइम (प्रोग्राम चालायला लागणाऱ्या फाइलींचा संच) येतो आणि ॲप्टचा कॅश त्याच्या उपयोगी पडत नाही. त्यात ‘क्रिएट-यूएसबी’ ही सोय आहे; पेन ड्राइव्हवर प्रोग्राम आणि रनटाइम घेऊन बाकीच्या मशीनवर इंटरनेटशिवाय इन्स्टॉल करता येते. पुढे आणखी चार-पाच प्रोग्राम नवे हवे असतील तर याच वाटेने जावे.

फक्त इंकस्केपच हवे असेल तर ॲपइमेज पुरेसे आहे. ती एकच फाइल असते. ती १८ ठिकाणी कॉपी करायची, चालवण्याची परवानगी द्यायची आणि एरर आली तर ॲप्टमधून लिबफ्यूज२ हे ॲपइमेजला लागणारे पॅकेज घ्यायचे. तिची अपडेट्स मात्र तुम्हालाच लक्षात ठेवून करावी लागतील, आणि डाउनलोडनंतर जीपीजी सही तपासावी लागेल. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या दुसऱ्या लिनक्स प्रणालीची वेबसाइट हॅक होऊन तिथली लिंक बॅकडोअर (चोरवाट) घातलेल्या आयएसओकडे (इन्स्टॉलेशनच्या फाइलीकडे) वळवली गेली होती. अशा वेळी त्याच पानावरचा हॅश जुळला म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

लिबरऑफिस, मराठी फाँट आणि टायपिंगचे आयबस ॲप्टमधूनच राहू द्या.

प्रश्नकर्ती

ट्रेस फाइल उघडून पाहिली, शेवटचे सिंक १० दिवसांपूर्वीचे निघाले. मिरर बदलला आणि कॅशही सुरू केला. पहिल्या मशीनला पाऊण तास लागला, दुसऱ्याला ६ मिनिटे. शिक्षकांचा एक लॅपटॉप मात्र घरी नेल्यावर अपडेट होत नाही.

उत्तर २

तो घरीही लॅबमधलाच प्रॉक्सी शोधत असणार. त्या लॅपटॉपवरून प्रॉक्सीची ओळ काढून ऑटो-ॲप्ट-प्रॉक्सी हे पॅकेज घ्या आणि लॅबच्या नेटवर्कमध्ये कॅशच्या मशीनला ‘ॲप्ट-प्रॉक्सी’ हे होस्टनेम द्या. त्या नावाचे मशीन सापडले तर ॲप्ट कॅशकडे जाते, सापडले नाही तर थेट इंटरनेटवर.