प्रतिसाद: मिनिस्ट्री बँडचं उलटंच झालं

मोठ्या लेबलकडे, म्हणजे बड्या रेकॉर्ड कंपनीकडे, गेला की बँड मवाळ होतो, असं इथे कुणीतरी म्हटलंय. ते मिनिस्ट्री या अमेरिकन इंडस्ट्रियल मेटल बँडला अर्धंच लागू पडतं. १९८३ मध्ये अरिस्टा लेबलसाठी केलेला 'विथ सिम्पथी' हा अल्बम म्हणजे गुळगुळीत सिंथपॉप (सिंथेसायझरवरचं पॉप) होता. बँडचा म्होरक्या अल जॉर्गेन्सननं पुढे तो उघडपणे झिडकारला. पण १९९२ चा 'साम ६९' वॉर्नरच्या सायर लेबलवर आला, आणि काय कर्कश आहे तो! त्यातल्या 'एन.डब्ल्यू.ओ.' गाण्यात तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष थोरल्या बुशच्या भाषणाचे तुकडे त्याच त्या रिफवर (गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यावर) घणासारखे आदळत राहतात. 'जीझस बिल्ट माय हॉटरॉड'मध्ये बटहोल सर्फर्स या बँडचा गायक गिबी हेन्स जे बरळतो त्यातलं निम्मं कळत नाही (कळायची गरजही नाही), तरी गाणं तुफान गाजलं. अल्बम अमेरिकेत प्लॅटिनम (दहा लाख प्रती) झाला. शेवटचे दोन ट्रॅक मात्र मला नुसता गोंगाट वाटतात.